फाटलं की फाडलं? जर्मन ‘त्सेररिसन’ वापरताना

रत्नागिरीत मी नर्सिंग झालेल्या मुलींना जर्मन शिकवते. ‘त्सेररिसन’, म्हणजे फाटलेलं, हा शब्द आला की मी त्यांना मिरकरवाड्याच्या आमच्या अंगणात नेते. तिथे बाबा जाळं पसरून बसलेले असतात.

सुरुवातीचा उच्चार ‘चूल’मधल्या च-सारखा करा, ‘चार’मधल्यासारखा नको. जोर ‘रिस’वर. मूळ क्रियापद ‘राइसन’, हिसका देऊन तोडणं. पुढे ‘त्सेर’ लागलं की वस्तू धड राहिली नाही. ‘त्सेर’ असताना भूतकाळाचा ‘गे’ लावायचा नाही. ‘गेत्सेररिसन’ दर बॅचला कुणीतरी लिहितंच.

खरी गोम पुढे आहे. आपण ‘जाळं फाटलं’ म्हणतो आणि ‘कुत्र्यानं जाळं फाडलं’ म्हणतो. जर्मनमध्ये दोन्हीकडे त्सेररिसनच, फरक सहायक क्रियापदाचा. दास नेत्स इस्ट त्सेररिसन: फाटलं. देअर हुंट हाट दास नेत्स त्सेररिसन: कुत्र्यानं फाडलं. म्हणून आधी मनात मराठीत बोला. ‘ट’ आला तर इस्ट, ‘ड’ आला तर हाट. माझ्या मुली यात आता चुकत नाहीत.

नामाच्या आधी आलं की शेवट लिंगाप्रमाणे बदलतो: आइन त्सेररिसनेस नेत्स, पण आइने त्सेररिसने होझे, म्हणजे फाटकी पँट.

होडीचा दोर तुटला तर नुसतं गेरिसन: दास झाइल इस्ट गेरिसन. हेच माणसाबद्दल म्हटलंत तर तो लबाड ठरतो, तेव्हा जपून. बशी फुटली की त्सेरब्रोखन, मशीन बिघडलं की कापुट. शिवण उसवली की दी नाट इस्ट आउफगेगांगन. वॉर्डात हीच ‘नाट’ म्हणजे जखमेचे टाके, त्यामुळे हे वाक्य पाठच हवं.

नाम आहे देअर रिस. कापडाची चीर, जांभ्याच्या भिंतीची भेग, दोन्ही रिस. लिगामेंट फाटलं तर बेंडररिस. १९९६ च्या लेखनसुधारणेआधीच्या पुस्तकांत ‘रिस’च्या शेवटी दोन एसऐवजी इंग्रजी बीसारखं दिसणारं अक्षर भेटेल, शब्द तोच.

गेल्या बॅचमधल्या एकीचा व्हिसा आला आणि त्याच आठवड्यात तिची आई आजारी पडली. जीव तुटतो त्याला काय म्हणायचं, तिनं विचारलं. मी दोन शब्द सांगितले. जावं की राहावं ठरत नसेल तर हिन उंट हेअरगेरिसन. आतून फाटल्यासारखं होत असेल तर इनरलिश त्सेररिसन. तिनं दुसरा वहीत उतरवून घेतला.