प्रीमियर पद्मिनीला फ्युएल इंजेक्शन बसवायचंय? आधी एवढं तयार ठेवा

कार्बोरेटरला हात लावण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला, तर पैसे आधी इंजिनात घाला. झिजलेल्या रिंगा आणि जळलेले व्हॉल्व्ह कोणताही ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) सुधारू शकत नाही. टॅपेट लावून घ्या, मॅनिफोल्डचं पॅकिंग नवं टाका. तिथून हवा शिरत राहिली तर आयडलिंग बसणारच नाही.

मग थर्मोस्टॅट जागेवर आहे का, ते स्वतः बघा. गाडी तापते म्हणून तो काढून टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. थर्मोस्टॅट नसला की हायवेवर पाणी नीट तापत नाही, सेन्सर ईसीयूला ‘इंजिन अजून थंड आहे’ असंच सांगत राहतो आणि ईसीयू जादा पेट्रोल ओतत राहतो. दिवसभर चोक अर्धा ओढून गाडी चालवण्यातलाच हा प्रकार. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं आणि दोष नव्या किटवर जातो. तापमानाचा सेन्सर हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथे, थर्मोस्टॅटच्या आधी बसवा.

टाकी उतरवून आतून साफ करा. ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मधलं इथेनॉल जुना गाळ सोडवतं, पाणी ओढतं आणि गंज वाढवतं. तो कचरा थेट इंजेक्टरच्या जाळीत बसतो. जुना मेकॅनिकल पंप जेमतेम पाव बार दाब देतो, इथे 3 बार लागतात. म्हणून जुना रबरी पाइप एक इंचसुद्धा ठेवू नका. एसएई जे30 आर9 छापलेला पाइप आणि पट्टीला भोकं नसलेल्या इंजेक्शनच्या क्लिपा घ्या. टाकीत परतीची 8 मिलिमीटरची वेगळी लाइन हवी. मेकॅनिकल पंप काढलेल्या जागी पॅकिंगसकट ब्लँकिंग प्लेट लावा, नाहीतर तिथून ऑइल गळेल.

इंजेक्टर घेताना मोठ्याच्या मोहात पडू नका. 1089 सीसीचं हे इंजिन सुमारे 40 अश्वशक्तीचं. पूर्ण जोरावर ते मिनिटाला साधारण 200 सीसी पेट्रोल पितं. इंजेक्टर 80 टक्क्यांहून जास्त वेळ उघडा राहू नये आणि इथेनॉलसाठी थोडी भर हवी, हे धरलं तर कार्बोरेटरच्या जागी बसणाऱ्या, एका इंजेक्टरच्या थ्रॉटल बॉडीला मिनिटाला 270–280 सीसीचा इंजेक्टर पुरतो. दुप्पट मोठा बसवला की आयडलिंगला तो इतका कमी वेळ उघडतो, की प्रत्येक फवारा वेगळा पडतो आणि गाडी डुगडुगते.

जुन्या गाडीवर डायनॅमो असेल तर अल्टरनेटर बसवणं आलंच. पंप, ईसीयू आणि लॅम्डा सेन्सरचा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) हीटर मिळून 10–15 अँपिअर सहज खातात आणि सिग्नलला उभ्या गाडीत डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. ईसीयूचा प्लस आणि अर्थिंग, दोन्ही थेट बॅटरीवरून घ्या. इग्निशनच्या ज्या वायरवरून ईसीयूचा रिले चालणार, ती सेल्फ मारतानाही चालू राहते का, हे टेस्ट लॅम्पने बघा. काही स्विचमध्ये ती तेवढ्यापुरती बंद होते आणि गाडी नुसती फिरते, सुरू होत नाही. पंपाची वायर फ्यूज आणि रिलेतूनच न्या, आणि इंजिन थांबताच ईसीयू पंप बंद करेल अशी जोडा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा सिग्नल ईसीयूला भरवशाचा नसतो, त्यामुळे पुलीवर 36-1 दातांचं (36 जागा, त्यातला एक दात गाळलेला) चाक लावणं उत्तम; लेथवाल्याकडून ते अगदी सरळ फिरेल असं करून घ्या. रेझिस्टर प्लग आणि कार्बन कोअरच्या वायरी घाला, कारण तांब्याच्या वायरींमुळे ईसीयू मध्येच रिसेट होतो.

लॅम्डा सेन्सरची बुशिंग चारही पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे, वरच्या बाजूला तिरकी लावा, म्हणजे आत पाणी साचणार नाही. वेल्डिंग करताना ईसीयू आणि बॅटरी सोडवून ठेवा.

गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी असेल आणि व्हिंटेज नोंदणी घ्यायचा विचार असेल, तर इंजिनातले बदल त्या नोंदणीच्या आड येतात. आरटीओत आधी विचारा. कार्बोरेटर, एअर क्लीनर आणि जुना पंप तेल लावून जपून ठेवा.

पहिल्यांदा सेल्फ मारण्याआधी फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, नुसता पंप चालवून दाब 3 बारवर न्या आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. गाडी सुरू झाली की टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) पुलीवर धरा. ईसीयू दाखवतो ती ठिणगीची डिग्री आणि पुलीवरची खूण जुळेपर्यंत मॅपला (ईसीयूतल्या पेट्रोल आणि टायमिंगच्या तक्त्याला) हात लावू नका.