नव्या अधिसेविकेने कार्यभार कसा सांभाळावा

अधिपरिचारिका, मग परिसेविका (कक्षाची प्रमुख), मग सहायक अधिसेविका अशा पायऱ्या चढून अधिसेविका, म्हणजे रुग्णालयातील परिचारिकांची प्रमुख झालेल्या, ज्यांना सगळे रुग्णालय मेट्रन म्हणते, अशा भगिनींसाठी हे लिहीत आहे. या पदावर आल्यावर रुग्णाला आपला हात क्वचितच लागतो. त्याची सेवा इतरांच्या हातून घडवून आणावी लागते. त्यामुळे पहिला महिनाभर तरी कार्यालयातील फायली दुपारपर्यंत बाजूला ठेवाव्यात आणि सकाळची पाळी सुरू होताना एकेका कक्षात प्रत्यक्ष उभे राहून हँडओव्हर, म्हणजे एका पाळीने दुसरीला रुग्णांची माहिती सोपवणे, ऐकावा. तो टेबलाशी न होता खाटेजवळ व्हावा असा आग्रह धरावा. सर्वांत गंभीर रुग्ण कोण, शस्त्रक्रिया होऊन काल कोण परत आले आणि खाटेवरून पडण्याची भीती कोणाला आहे, हे परिसेविकेने वहीत न पाहता सांगितले पाहिजे.

सर्वाधिक विचार मागणारे काम ड्यूटी लिस्टचे. तीस खाटांच्या सामान्य कक्षात सहा रुग्णांमागे एक परिचारिका ठेवायची म्हटले, तर पाळीला ५ आणि तीन पाळ्यांना १५ जणी लागतात; पण साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण आणि प्रसूती रजा धरून सुमारे ३० टक्के राखीव मनुष्यबळ मोजल्यावर हा आकडा १९ ते २० वर जातो. हे गणित कागदावर मांडून रिक्त पदांसह प्रशासनाला दरमहा लेखी कळवावे, कारण तोंडी तक्रारीची नोंद कुठेही राहत नाही. शिवाय नुसती डोकी मोजून भागत नाही. व्हेंटिलेटरवरचा एक रुग्ण एका परिचारिकेचा पूर्ण वेळ घेतो, तेव्हा रुग्णांची गंभीरता पाहून दररोज माणसे हलवावी लागतात. रात्रपाळीला दोन्ही नवख्या मुली एकत्र लावू नयेत. गौरी-गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्यांची पाळी मागील वर्षाची यादी समोर ठेवून द्यावी, आणि ऑफ रद्द करणे ही शिक्षा म्हणून कधीही वापरू नये.

औषधांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: चूक सांगणाऱ्या परिचारिकेच्या हातात लगेच मेमो दिला, तर पुढची चूक कोणीही सांगणार नाही. मी काम केलेल्या एका रुग्णालयात एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारी होते आणि एकाचे इंजेक्शन दुसऱ्याला गेले. त्या मुलीने पाच मिनिटांत येऊन सांगितले, म्हणून डॉक्टरांना वेळेवर उपाय करता आला. त्यानंतर आम्ही अशा रुग्णांच्या खाटा वेगळ्या केल्या आणि नावासोबत नोंदणी क्रमांक पाहण्याची पद्धत सुरू केली. पातळ न करता शिरेत गेल्यास जीवघेणे ठरणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडचे अँप्यूल नेहमीच्या ट्रेमध्ये ठेवू देऊ नयेत. इन्सुलिन आणि हेपॅरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे औषध) देण्यापूर्वी दुसऱ्या परिचारिकेने मात्रा तपासावी.

जंतुसंसर्ग रोखण्यासाठी हँडरबची (हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाची) बाटली प्रत्येक खाटेजवळ असावी आणि तिचा खप मोजावा. भिंतीवरच्या फलकापेक्षा तो खप अधिक खरे सांगतो. सुई टोचलेल्या परिचारिकेला एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत मिळायला हवे, म्हणून त्या कपाटाची किल्ली रात्री कोणाकडे असते हे सर्वांना ठाऊक असावे. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा आणि निळा हे पिशव्या-डब्यांचे रंग पाळले जातात की नाही, ते फेरीतच पाहावे.

शुश्रूषेचा दर्जा बेडसोरवरून, म्हणजे सतत पडून राहिल्याने त्वचेवर होणाऱ्या जखमांवरून कळतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी परिचारिका अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे परिचारिकांच्या कित्येक तुकड्या बदलल्या तरी, सांभाळले आणि इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर होऊ दिला नाही. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद तपासताना मला त्या भगिनी आठवतात. अरुणा यांच्यावरचा हल्लाही रुग्णालयाच्या तळघरातच, कपडे बदलताना झाला होता. म्हणून आतून कडी लागणारी चेंजिंग रूम, जिन्यावरचे दिवे आणि कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे कार्यरत अंतर्गत समिती यांची जबाबदारी अधिसेविकेने सुरक्षा विभागावर ढकलू नये.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत दहा बालके दगावली. तेव्हापासून मी सांगत आले आहे की आगीचा सराव रात्रपाळीतही घ्यावा, आणि कोणते बाळ कोणी उचलायचे हे पाळीच्या सुरुवातीलाच ठरवावे. पंधरा दिवसांतून एकदा पहाटे तीनच्या सुमारास, न कळवता फेरी मारावी. त्या वेळी उणिवा काढत बसण्याऐवजी परिचारिकेशेजारी दहा मिनिटे बसून काय कमी पडते ते विचारावे, आणि तिने सांगितलेली वस्तू सकाळच्या मागणीपत्रात पहिल्या ओळीत लिहावी.