रानडुक्कर कुणाचा भाऊ? टोळ्या आणि शेतकरी खेळवताना या चुका टाळा

गोव्यात डिचोलीतल्या आमच्या टेबलावर आम्ही रोल-प्लेइंग गेम खेळतो: प्रत्येक खेळाडू एक कॅरेक्टर होऊन गोष्ट पुढे नेतो. गेल्या पावसाळ्यात एक कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी एक गोष्ट, तिसऱ्या सेशनलाच थंडावलं. एका खेळाडूचं कॅरेक्टर शेतकरी गावातलं, गावाच्या झेंड्यावर रानडुक्कर. वाटेत वराहटोळीने, म्हणजे रानडुकराला आपला भाऊ मानणाऱ्या टोळीने, अडवलं तेव्हा तो म्हणाला, "आम्हीपण वराहाचेच, सोडा." गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, मी होतो; मी सोडलं. त्यानंतर टोळी आणि गाव यांत फरकच उरला नाही. एकांच्या अंगावर कातडी, दुसऱ्यांच्या अंगावर घोंगडी, एवढंच.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: चिन्ह दिसलं की नातं गृहीत धरायचं. खरं तर हे आपल्याला पटकन कळायला हवं. आपल्याकडे लग्नाआधी देवक बसवतात, कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस, कुणाची पंचपालवी. आणि देवक मानणारी ती घरं पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारी. तेव्हा चिन्हावर सीमा ठरत नाही, त्या जिवाशी रोज कसं वागायचं यावर ठरते. आमच्या सत्तरी तालुक्यात भाताला लोंबी धरली की रानडुकरं रात्री शेतात घुसतात आणि माणसं जागून राखण करतात. शेतकऱ्याला डुक्कर म्हणजे गेलेलं पीक. टोळीला तो भाऊ. मेलेलं डुक्कर टेबलाच्या मधोमध ठेवा आणि विचारा: खाणार कोण? सुतक कोण पाळणार? भरपाई कुणी कुणाला द्यायची? उत्तरं दोन्हीकडे सारखी आली, तर तुमच्या जगात एकच समाज आहे.

याच्या उलट, मध्ये भिंत घालणंही चूकच. गोव्याच्या डोंगरात कुमेरी, म्हणजे जंगल तोडून-जाळून फिरती शेती, करणारी माणसं शिकारही करत आणि बाजारालाही उतरत. ग्लोरँथा या रोल-प्लेइंग गेमच्या काल्पनिक जगात लांडग्यांना भाऊ मानणारे तेलमोरी लोक शेतकरी टोळ्यांच्या शेजारी राहतात आणि तिथल्या सार्तार राज्याच्या राजघराण्याचे अंगरक्षकही होतात. मीठ, लोखंड, धान्य, लग्नं, या वाटा उघड्या ठेवा. गावातली मुलगी टोळीत सून म्हणून गेली, तर तिच्या मुलांना प्राण्याचं रक्त मिळतं का, हे मात्र आधी ठरवा.

टोळीवाल्यांसारखं प्राण्यात रूप पालटणं, कॅरेक्टर घडवतानाचे पॉइंट देऊन कुणालाही विकत घेता येईल असं ठेवू नका.

शेतकऱ्यांना श्रद्धा नसलेले हिशेबी लोक करणं मला सगळ्यात जास्त खटकतं. आपली ग्रामदेवी सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते, जमीनच देवी आहे. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या शेतात, बांध फुटला किंवा मानशीचं (भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपेचं) दार वेळेवर पडलं नाही, तर खारं पाणी सगळ्या गावाच्या शेतात शिरतं. टोळीला जसा प्राणी, तसा या लोकांना बांध. टोळीवाला अजाणता बांध खणून बीळ शोधू लागला की बघा काय होतं.

आणि गावडा, कुणबी, वेळीप या गोव्यातल्या समाजांची नावं उचलून 'रानटी टोळी' करू नका. ही आपल्या शेजारची, आपल्याच टेबलावर बसणारी माणसं आहेत. व्यवहाराची घडण शिका, नावं नवी घ्या.

आम्ही तो प्रसंग पुन्हा खेळलो. या वेळी टोळीच्या म्हातारीने त्याच्यापुढे काहीच न बोलता सुळा ठेवला, त्याच्याच गावाने मारलेल्या डुकराचा. खेळाडूने फासे उचलले, परत खाली ठेवले. मग म्हणाला, "मी झेंडा गुंडाळतो." म्हातारी सरकली आणि शेकोटीपाशी त्याला जागा झाली.