जुन्या कॉम्प्युटरवरचे स्पोर्ट्स गेम्स: ‘सोपा’ किंवा ‘अवघड’ म्हणण्याआधी या चुका टाळा

एम्युलेटर (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम) डाउनलोड करायचा, गेमची फाइल टाकायची, दहा मिनिटं खेळायचं आणि निकाल जाहीर करायचा: “सोपा आहे हो, उगाच डोक्यावर घेतलाय.” नाहीतर उलट: “हे खेळताच येत नाही, तेव्हाची पोरं कशी खेळायची कोण जाणे.” दोन्ही निकाल मी इतक्यांदा ऐकलेत की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो. कुठल्या मशीनवर खेळलात? यावर बहुतेक जण गप्प होतात, कारण त्यांच्या लेखी गेम म्हणजे नुसतं नाव. विंटर गेम्स म्हणजे विंटर गेम्स, मग तो कमोडोर ६४ वरचा असो की स्पेक्ट्रमवरचा.

तसं अजिबात नसतं. ऐंशीच्या दशकात एकाच नावाचा गेम पाच-सहा कॉम्प्युटरांवर निघायचा, आणि मशीन बदललं की कोड बदलायचा, बऱ्याचदा कोड लिहिणारा माणूसही बदलायचा. स्पेक्ट्रममध्ये ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर, पण स्प्राइटसाठी (पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्रांसाठी) वेगळं हार्डवेअरच नाही, त्यामुळे धावणाऱ्याचा प्रत्येक पाय प्रोसेसरने स्वतः रंगवायचा. कमोडोर ६४ मध्ये जेमतेम १ मेगाहर्ट्झचा ६५१०, पण सोबतीला आठ हार्डवेअर स्प्राइट. बीबीसी मायक्रोत २ मेगाहर्ट्झचा ६५०२, पण स्प्राइट तिथेही नाहीत. कोडी सोडवायच्या गेममध्ये हा फरक एक वेळ चालून जातो. स्पोर्ट्स गेममध्ये सगळा खेळच टायमिंगचा असतो, तिथे नाही चालत.

५० आणि ६० हर्ट्झची सरमिसळ

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

तेव्हा ब्रिटन, बराचसा युरोप आणि आपल्याकडचेही टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणारे. अमेरिका आणि जपानमध्ये एनटीएससी, म्हणजे ६० वेळा. कमोडोर ६४ वरचे बहुतेक गेम या पडद्याच्या ठेक्यावर चालतात. एक फ्रेम गेली की बॉल एक पाऊल पुढे. त्यामुळे ब्रिटनमध्ये लिहिलेला गेम एनटीएससीवर लावला की तो २० टक्के जोरात पळतो, आणि अमेरिकेतला गेम पालवर लावला की सुमारे १७ टक्के मंदावतो. गेम तोच, फाइल तीच, तरी खेळणाऱ्यासाठी तो वेगळाच गेम असतो.

मागे ओळखीतल्या काही जणांनी सुट्टीत एपिक्स कंपनीच्या समर गेम्सची (१९८४) स्पर्धा लावली होती. दोन लॅपटॉप, दोन्हींवर व्हाइस एम्युलेटर, डिस्क इमेजही (मूळ डिस्कची फाइल) एकच. दुपारपर्यंत वादाला तोंड फुटलं. डावीकडच्या टेबलावर स्कीट शूटिंगच्या तबकड्या सगळ्यांना आरामात टिपता यायच्या, उजवीकडच्या टेबलावर चांगले चांगले हुकायचे. कोणी म्हणालं लॅपटॉप जुना आहे, कोणी म्हणालं जॉयस्टिक खराब आहे. एकाने तर उजवीकडच्यांना वाढीव गुण द्यायचा तोडगा काढला आणि तो जवळपास मान्यही झाला होता. मी पोचल्यावर एकच गोष्ट करायला लावली. दोन्ही लॅपटॉपवर उद्घाटन सोहळा एकाच वेळी सुरू करा. मशाल घेऊन धावणारा खेळाडू उजवीकडे आधी वर पोचला, संगीतही तिथे आधी संपलं. खालच्या पट्टीत बघितलं तर एकीकडे ५० फ्रेम, दुसरीकडे जवळपास ६०. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं म्हणून कोणीतरी एम्युलेटरमधलं कॉम्प्युटरचं मॉडेल बदलून ठेवलं होतं आणि ते कुणाला आठवतही नव्हतं. सकाळपासूनचे सगळे निकाल रद्द करावे लागले. काही जण नाराज झाले, “जाऊ दे ना, मजेसाठीच तर खेळतोय” म्हणाले. मला हे पटत नाही. स्पर्धा म्हटली की मोजमाप सगळ्यांना सारखंच हवं.

धावण्याच्या शर्यतीत हा फरक आणखी लपून बसतो. समजा, गेमच्या हिशेबात एक शर्यत ६०० फ्रेमची आहे. ६० हर्ट्झवर तुम्हाला खरेखुरे १० सेकंद मिळतात, ५० हर्ट्झवर १२. तुमचा हात सेकंदाला १० वेळा जॉयस्टिक हलवू शकत असेल, तर पहिल्या ठिकाणी १०० हेलकावे बसतात आणि दुसऱ्या ठिकाणी १२०. गेममधलं घड्याळ फ्रेमच मोजत असेल तर पडद्यावर वेळ दोन्हीकडे एकच दिसते. हाताच्या वाट्याला मात्र २० टक्के जास्त कष्ट करायची सवलत मिळालेली असते. अशा दोन वेळा शेजारी मांडून “मी तुझ्यापेक्षा फास्ट” म्हणण्यात काही अर्थ नाही.

माझी सवय सांगतो. गेम लावायच्या आधी तो कुठे तयार झाला ते बघायचं. एपिक्स कॅलिफोर्नियाची, म्हणून एनटीएससी. ओशन मँचेस्टरची, म्हणून पाल. अमिगावरचा किक ऑफ (१९८९) ब्रिटिश, तोही पाल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ब्रिटन-युरोपातल्या मुलांनी एपिक्सचे गेम पालवरच खेळले, त्यामुळे त्यांच्या आठवणीतला विंटर गेम्स संथ आहे. तेव्हाच्या ब्रिटिश मासिकांतल्या परीक्षणांशी पडताळून बघायचं असेल तर पालच लावा. दोन्ही चालतं. फक्त काय लावलंय ते स्कोअरशेजारी लिहा. आणि शंका आली तर संगीत ऐका. एनटीएससी कमोडोरवर सूर थोडासाच, ४ टक्क्यांच्या आत-बाहेर, चढतो, पण लय २० टक्क्यांनी वाढते. कान लगेच पकडतो.

महागडा गेमपॅड घेऊन डेकॅथलॉन खेळणं

डेली थॉम्पसन हा ब्रिटनचा डेकॅथलॉनपटू, १९८० आणि १९८४ च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. त्याच्या नावाचा गेम ओशनने १९८४ मध्ये काढला. कोनामीच्या ट्रॅक अँड फील्डच्या वळणावर, दहा प्रकार, दोन दिवस, आणि जवळपास सगळं काही डावं-उजवं किती वेगाने करता यावर अवलंबून. या गेमने किती कीबोर्ड आणि जॉयस्टिक निकामी केल्या याच्या कहाण्या ब्रिटनमध्ये अजून सांगतात.

आता हाच गेम लोक आजच्या गेमपॅडच्या अ‍ॅनालॉग स्टिकवर खेळायला बघतात. अहो, ती स्टिक या कामासाठी बनलेलीच नाही. तिच्या मध्यावर एक मृत पट्टा असतो, तिथे एम्युलेटरला काहीच कळत नाही. डावीकडून उजवीकडे जाताना दर वेळी तो पट्टा ओलांडावा लागतो. जुन्या काळची काँपिटिशन प्रो घ्या, आत मायक्रोस्विच, जरा मनगट हललं की ‘टक्’. तिथे जितक्या वेळात दोन हेलकावे होतात तितक्यात इथे एक होतो.

मित्राच्या मुलाचं नेमकं हेच झालं. कॉलेजातला हुशार पोरगा, पण धीर शून्य. स्पेक्ट्रमचा डेकॅथलॉन गेमपॅडवर लावला, १०० मीटरमध्येच अडकला. सराव करायच्या ऐवजी आपोआप डावं-उजवं पाठवणारा मॅक्रो शोधून आणला. धावणं सुटलं, पण मधूनच धावपटू अडखळायला लागला. हा म्हणे, “गेममध्ये बग आहे.” बग कसला? कुठली की दाबलीय हे गेम फ्रेममागे एकदा तपासत असेल तर सेकंदाला ५० वेळाच तपासणार. मॅक्रो त्याहून जोरात बदल पाठवतोय, काही बदल दोन तपासण्यांच्या मध्ये पडून वाया जातायत. पुढे लांब उडी आली. मॅक्रोने वेग दिला पूर्ण, पण फळीवर पाय कधी टाकायचा आणि बटण किती वेळ दाबून ठेवायचं हे कोण सांगणार? बटण दाबून ठेवाल तसा कोन वाढत जातो, ४५ अंशांच्या आसपास सोडायचं असतं. पूर्ण वेगात फळी झटकन येते, आणि इतक्या वेगाची त्याच्या डोळ्याला सवयच नव्हती. फाउल, फाउल, फाउल.

मी त्याला साधा कीबोर्ड दिला. एकमेकींपासून चार-पाच की सोडून दोन की निवडायच्या, दोन्ही हातांच्या तर्जन्या, कोपरं टेबलावर टेकलेली, मनगटं सैल. सुरुवातीला जोर लावायचाच नाही, आधी आवाज एकसारखा आला पाहिजे. त्याच संध्याकाळी १०० मीटरचा अडथळा गेला. उडी बसायला वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता. कष्टाने वाढवलेल्या वेगाबरोबर डोळाही तयार होतो, मॅक्रो ते देऊ शकत नाही. ऑटोफायरबद्दलही (बटण आपोआप पुन्हापुन्हा दाबणारी सोय) माझं हेच मत आहे, आणि ते बदलणार नाही.

उलटी चूकही होते

डेकॅथलॉनची सवय लागलेले लोक विंटर गेम्सच्या (१९८५) स्पीड स्केटिंगमध्येही जीव खाऊन जॉयस्टिक हलवतात आणि रडतात. तिथे वेग मोजत नाहीत, ताल मोजतात. स्केटरचा पाय ज्या बाजूला जातो त्याच्याबरोबर स्टिक न्यायची, बस. बायॅथलॉनमध्ये (स्कीइंग आणि नेमबाजी) तर नेमबाजीच्या टप्प्यावर पोचायच्या आधी मुद्दाम हळू व्हायचं असतं, कारण हृदयाचे ठोके वाढलेले असले की नेम धरणं अवघड. इतका सुंदर विचार केलेले प्रकार त्या काळात फार थोडे होते, आणि लोक तो “कंट्रोल खराब आहेत” म्हणून सोडून देतात. माहितीपुस्तिका वाचा हो. जवळपास प्रत्येक गेमची स्कॅन केलेली पुस्तिका आज फुकट मिळते.

आणखी काही

अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसीवर खेळून मूळ गेमला “संथ” म्हणू नका. सीपीसीचे बरेच गेम स्पेक्ट्रमवरून जसेच्या तसे उचललेले आहेत. स्पेक्ट्रमचा पडदा ६,९१२ बाइटचा, सीपीसीचा १६ केबीचा. रंगवायला दुपटीहून जास्त काम, म्हणून वेग पडतो. बॉल हळू येतो हे खरं, पण तुमचा खेळाडूही तितक्याच आळसाने वळतो, म्हणजे सोपं झालं असं नाही. बीबीसी मायक्रोवरचे गेम त्याचा धाकटा भाऊ अ‍ॅकॉर्न इलेक्ट्रॉनवर साधारण असेच संथ होतात.

स्पेक्ट्रमच्या एम्युलेटरमध्ये मशीन कुठलं निवडलंय ते बघा. पेंटागॉन हा स्पेक्ट्रमचा रशियातला क्लोन, म्हणजे नक्कल. मूळ ४८के मध्ये खालची १६ केबी मेमरी वापरताना प्रोसेसरला पडदा रंगवणाऱ्या यूएलए चिपसाठी थांबावं लागतं, पेंटागॉनमध्ये थांबावं लागत नाही. काही गेम त्यामुळे जोरात पळतात. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून परवान्यावर डीबी स्पेक्ट्रम प्लस विकला. तो ज्यांनी वापरलाय त्यांना ओळखीचा वेग हवा असेल तर सरळ ४८के लावा.

क्रॅक केलेल्या (कॉपी-संरक्षण तोडलेल्या) डिस्कवर सुरुवातीला “ट्रेनर हवा का”, म्हणजे गेम सोपा करणारी फसवी सोय हवी का, असं विचारलं तर नाही म्हणा. हो म्हटलंत तर तुम्ही जे खेळाल ते मूळ कठीणपण नाही.

हुकलं की तिथूनच परत खेळता यावं म्हणून प्रत्येक फेकीआधी एम्युलेटरमध्ये स्नॅपशॉट सेव्ह करू नका. तीनच संधी आहेत आणि पात्रता गाठली नाही तर बाहेर, हा दाबच या गेमांचा गाभा आहे.

कमोडोरवर खेळाडू हलत नाही आणि पडद्यावर भलतीच अक्षरं उमटतायत? जॉयस्टिक पोर्ट १ मध्ये आहे, २ मध्ये घाला.

नव्या टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. नवा टीव्ही चित्र साठवून, प्रक्रिया करून मग दाखवतो, म्हणून ते जरा उशिरा येतं. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये हा प्रकारच नव्हता. टेनिस खेळताना हा उशीर थेट रॅकेटवर येतो.

पीसीवरच्या सुरुवातीच्या गेमांचं दुखणं वेगळं. ते ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर गृहीत धरून लिहिलेले, वेगवान मशीनवर हाताबाहेर जातात. याचसाठी पुढच्या पीसींवर टर्बोचं बटण असायचं. डॉसबॉक्समध्ये (जुन्या पीसीचा एम्युलेटर) सायकल्स, म्हणजे वेगाचा आकडा, ‘ऑटो’वर ठेवून तक्रार करू नका. आकडा कमी करत आणा आणि खेळ खेळण्याजोगा वाटला की तिथे थांबा.

किक ऑफमध्ये बॉल पायाला चिकटत नाही म्हणून चिडणारे रोज भेटतात. तो चिकटत नाही हेच त्या गेमचं वैशिष्ट्य आहे. सामना खेळायच्या आधी सराव करा, फक्त बॉल घेऊन वळायला शिका. सामन्यांचं नंतर बघू.

क्रिकेटवाल्यांसाठी: ऑडिओजेनिकच्या ग्रॅहम गूचच्या नावाच्या टेस्ट क्रिकेटमध्ये आर्केड आणि सिम्युलेशन असे दोन प्रकार आहेत. सिम्युलेशन लावून “बॅट माझ्या हातातच नाही” असं म्हणणारे बरेच आहेत. बॅट हातात हवी असेल तर आर्केड निवडा.

आणि लेव्हल. अँड्र्यू स्पेन्सरच्या इंटरनॅशनल सॉकरमध्ये (१९८३, कमोडोर ६४) कॉम्प्युटर संघाच्या ९ पातळ्या आहेत. लोक पहिल्या पातळीवर दोन-चार गोल ठोकतात आणि कार्ट्रिज बंद करतात. पहिली पातळी बॉल कुठे उसळतो हे कळण्यासाठी आहे. पाचव्यावर या, मग आपण बोलू. तेव्हा सांगा, पालवर खेळलात की एनटीएससीवर.