अठराव्या शतकातील फ्रेंच पोशाख : पात्रांना सजवताना या चुका टाळा

अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये घडणारी कादंबरी, नाटक किंवा चित्रकथा हाती घेतली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच ठरावीक चित्र उभे राहते : पावडर फासलेला उंच केशसंभार, दोन्ही बाजूंना पसरलेला झगा, आवळलेली कंबर आणि गालावर चिकटवलेला काळा तीळ. यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या शतकात कधी ना कधी होती; पण त्या सगळ्या एकाच दिवशी, एकाच व्यक्तीच्या अंगावर क्वचितच असत. पात्र कोणत्या वर्षी, कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या पैशाने कपडे घालते आहे हे ठरवण्याआधीच चित्र काढायला किंवा कापड बेतायला घेतले जाते, आणि बहुतेक चुका तिथेच सुरू होतात.

शतक नव्हे, वर्ष ठरवा

चौदावा लुई १७१५ मध्ये वारला आणि क्रांती झाली १७८९ मध्ये. मधल्या पाऊणशे वर्षांत स्त्रियांच्या झग्याचा आकार अनेकदा बदलला. सुरुवातीला खांद्यापासून सैल, घोळदार उतरणारा ‘रोब व्होलांत’ होता. १७३० नंतर ‘रोब आ ला फ्रांसेज’ रुळला. त्याच्या पाठीवर मानेपासून निघालेल्या रुंद चुण्या थेट जमिनीपर्यंत मोकळ्या सुटत. १७७० च्या दशकात पाठ कमरेपर्यंत अंगाबरोबर बसवलेला ‘रोब आ लांग्लेज’ आणि मागचा घेर दोऱ्यांनी ओढून फुगवलेला ‘रोब आ ला पोलोनेज’ लोकप्रिय झाले. १७८३ च्या पॅरिसमधील प्रदर्शनात एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ यांनी राणी मारी आंत्वानेत हिचे साध्या पांढऱ्या मलमली झग्यातील चित्र मांडले तेव्हा इतका गदारोळ झाला की ते काढून घेऊन त्या जागी रेशमी पोशाखातील चित्र लावावे लागले. तोच मलमली झगा १७५५ सालच्या सरदारपत्नीला घातला, तर जाणकार वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल.

केसांबाबत तर ही चूक हमखास होते. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोंपादूर १७६४ मध्ये वारली. चित्रकार बूशे याने १७५६ मध्ये रंगवलेल्या तिच्या प्रसिद्ध चित्रात केस डोक्याला लगटून, आखूड आणि नेटके आहेत. डोक्यावर मनोरा उभारण्याची फॅशन १७७० च्या दशकातली. पोंपादूरच्या दरबारात तसे केस दाखवणे म्हणजे १९४२ च्या चळवळीतील तरुणाला बेलबॉटम घालण्यासारखे आहे. शिवाय हे मनोरे म्हणजे संपूर्ण टोप नव्हते. स्त्रिया स्वतःचेच केस गादीवर चढवत, कमी पडले तर पूरक केस जोडत, मग चरबीयुक्त मलम लावून वर पिष्टाची पावडर उडवत. पुरुष मात्र टोप सर्रास वापरत.

पुरुषांचा अंगरखा वर्ष ओळखण्यासाठी अधिक सोयीचा असतो. १७२० च्या सुमाराचा असेल तर खालचा घेर चुण्या घालून ताठ केलेला आणि बाह्यांच्या मुडपा रुंद असतात. १७६० नंतर पुढच्या कडा मागे वळत जातात, घेर आटतो आणि बाह्या अंगाबरोबर होतात. आतली ‘व्हेस्त’, म्हणजे अंगरख्याखालची बंडी, मांडीवरून हळूहळू कमरेकडे सरकते आणि अखेर बिनबाह्यांची होते. शतकाच्या उत्तरार्धात उभी कॉलर येते. आपल्या पात्राच्या वर्षाच्या आसपासचे, तारीख नक्की असलेले एखादे व्यक्तिचित्र समोर ठेवावे. तारीख नसलेल्या चित्रांचा ढीग गोळा केल्याने गोंधळच वाढतो. एक सवलत मात्र घ्यायला हरकत नाही : साठीचा ग्रामीण वकील वीस वर्षांपूर्वीचा अंगरखा घालून हिंडू शकतो, आणि तशा विसंगतीने पात्र उलट जिवंत होते. फक्त ती जाणीवपूर्वक योजलेली असावी.

झगा आतल्या कपड्यांवर उभा राहतो

चित्रातला झगा गळपटलेला दिसत असेल किंवा रंगमंचावर नटी झग्यात हरवल्यासारखी वाटत असेल, तर दोष बाहेरच्या कापडात शोधू नये. सर्वांत आत लिननचा सैल ‘शमीज’, त्यावर देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्या शिवलेली ताठ चोळी, मग कमरेला बांधलेले खिसे, त्यावर घेर फुगवणारा सांगाडा किंवा गादी, त्यावर परकर, आणि शेवटी झगा, असा हा क्रम आहे. त्यातला एक थर गाळला की वरचे सगळे बिघडते.

या ताठ चोळीविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. एकोणिसाव्या शतकातील वाळूच्या घड्याळासारखी कंबर तिच्यात नसतेच. तिचा आकार शंकूसारखा असतो : पुढून सपाट, वर रुंद, खाली निमुळता. ती छाती वर उचलते आणि खांद्यांच्या पट्ट्यांमुळे खांदे मागे ओढले जातात. चोळीची भोके सुईदोऱ्याने काज करावे तशी शिवलेली असत. धातूच्या कड्या पुढच्या शतकात आल्या. दासीने पाठीला पाय लावून दोरी खेचण्याचे जे दृश्य लेखकांना फार आवडते, तेवढा ताण ही शिवण सोसणार नाही. दोरीही बहुधा एकच असे आणि ती नागमोडी एका भोकातून दुसऱ्यात चढत जाई. बुटाच्या नाडीसारखी दोन्ही टोकांनी गुणिले काढणे हा नंतरच्या काळाचा प्रकार. कंबर पुरेशी बारीक दिसत नसेल तर दोरी आवळण्यापेक्षा घेर वाढवावा, कारण त्या काळी कंबर बारीक भासे ती मुख्यतः शेजारच्या रुंदीमुळे.

ती रुंदी ‘पानिए’ नावाच्या सांगाड्याने येते. पॅरिसमध्ये तो १७२० च्या आगेमागे रूढ झाला. आधी गोल असलेला हा सांगाडा पुढे पुढून-मागून चपटा आणि बाजूंना रुंद झाला. शतकाच्या मध्यावर तो डाव्या-उजव्या अशा दोन भागांतही मिळे, आणि काहींना बिजागऱ्या असत, म्हणजे दारातून जाताना बाजू वर उचलून घेता येई. १७८० च्या दशकात अतिरुंद पानिए दरबारी समारंभापुरता उरला होता. घरी किंवा बागेत नितंबावर बांधलेली छोटी गादी पुरे.

इथे शिवणकाम करणाऱ्यांची एक हमखास अडचण येते : पानिएवर परकर चढवला की बाजूने जमीन सोडून वर जातो आणि पुढे मागे लोळतो. मग खालची किनार वाकडी कापली जाते आणि कापडावरची वेलबुट्टीही तिरकी दिसू लागते. त्या काळचे कारागीर खालच्या किनारीला हात लावत नसत. किनार कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याप्रमाणे सरळच राही आणि उंचीतला फरक वर कमरेपाशी काढला जाई. बाजूंना कापड पूर्ण उंचीचे ठेवून पुढे-मागे कमरेकडचा भाग खोल घेतला, की नक्षी जमिनीला समांतर राहते. वेळ मर्यादित असेल तर आधी हेच सुधारावे. एवढ्याने झगा लगेच अस्सल वाटू लागतो.

खिसे हे लेखकांच्या उपयोगाचे प्रकरण आहे. ते झग्याला शिवलेले नसत. फितीवर बांधलेल्या दोन पिशव्या परकराखाली लोंबत आणि परकर व झगा यांच्या बाजूच्या चिरांतून हात आत जाई. नायिकेने गुप्त पत्र काढायचे असेल तर तिचा हात कुठे जातो हे ठाऊक हवे.

आणि झगा बंद कसा होतो? बहुतेक वेळा टाचण्यांनी. पुढून उघड्या असलेल्या झग्याच्या मधोमध छाती-पोट झाकणारी त्रिकोणी पट्टी, ‘पिएस देस्तोमा’, आतल्या चोळीला टाचली जाई, मग झग्याच्या कडा तिच्यावर टाचल्या जात. पाठीवर बटणांची रांग किंवा झिप असलेला झगा हा या काळाचा पोशाख नव्हेच. पाठीमागे दोरीने बांधलेली चोळी दरबारातील औपचारिक ‘ग्रां आबी’मध्ये मात्र असे, म्हणून तो पोशाख चढवायला दुसऱ्या कोणाची मदत लागते.

कापड महाग, मजुरी स्वस्त

आज शिवणावळ कापडाइतकीच, कधी जास्तही पडते, म्हणून आपण कापड कापायला कचरत नाही. तेव्हा हिशोब उलटा होता. लियों शहरातील रेशमाचा पन्हा जेमतेम अर्ध्या मीटरचा असे आणि किंमत प्रचंड, म्हणून कापण्यापेक्षा चुण्या घालण्याकडे कल होता, आणि झगा जुना झाला की उसवून पुन्हा शिवला जाई. संग्रहालयांतील अनेक झग्यांवर जुन्या शिवणींच्या रेषा अजून दिसतात. चित्रात रुंद, अखंड पन्ह्याचे रेशीम दाखवू नये. घेरात ठरावीक अंतराने उभे जोड यायला हवेत.

पुरुषांच्या भरजरी पोशाखात भरतकाम आधी होई आणि कापणी नंतर. सपाट कापडावर पुढच्या भागांच्या, खिशांच्या आणि बटणांच्या आकृत्या आखून त्यांच्या कडेने कशिदा काढला जाई, मग शिंपी ते भाग कापून जोडी. त्यामुळे वेल कडेला कापली जात नाही; ती वळणाबरोबर वळते, खिशाच्या झडपेभोवती फिरते आणि बटणावरही तेच फूल उमलते. बाजारात मिळणारी तयार जरीची पट्टी कडेने चिकटवली की ही गंमत जाते. उलट व्हेस्तची पाठ साध्या लिननची ठेवावी. अंगरख्याखाली झाकलेल्या भागावर रेशीम खर्च करण्याइतके श्रीमंतही उधळे नव्हते.

रंगांबाबत दोन टोके टाळावीत. कृत्रिम रंगांचा काळ १८५६ नंतरचा, म्हणून विजेसारखे झगझगीत जांभळे किंवा गुलाबी नकोत. पण सगळे मातकट करण्याचेही कारण नाही. नीळ, मंजिष्ठाच्या कुळातील मुळे, कोचिनील किडे आणि पिवळी फुलझाडे यांतून अतिशय तजेलदार छटा निघत.

इथे आपला एक खरा संबंध येतो. कोरोमंडल किनाऱ्यावरील छापील व कलमाने रंगवलेल्या सुती कापडाने फ्रान्सला इतके वेड लावले होते की तिथल्या लोकर व रेशीम उद्योगाला वाचवण्यासाठी १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली गेली आणि ती १७५९ पर्यंत चालली. लोक चोरून वापरत होतेच. १७४० मधील दुकानदारीण छापील झगा घालून रस्त्यावर आली तर ती कायदा मोडते आहे. कथेत याचा उपयोग करता येतो, पण नकळत होऊ देऊ नये. १७६० मध्ये ओबरकांफ याने जूई येथे कारखाना काढल्यानंतर हेच कापड उजळ माथ्याने मिरवले जाऊ लागले. भारतीय म्हणजे कोयरी, असे धरून सर्वत्र कोयऱ्या काढण्याचा मोह मात्र आवरावा. कोयरीच्या काश्मिरी शाली फ्रेंच स्त्रियांच्या खांद्यावर आल्या त्या शतक सरता सरता. त्याआधीच्या कापडावर फुलांच्या वेली आणि डवरलेली झाडे शोभतात.

कोण घालते आहे?

गरीब म्हटले की चिंध्या, हा आळशीपणा आहे. चित्रकार शारदँ याने १७३९ मध्ये रंगवलेली बाजारातून परतलेली मोलकरीण पाहावी : पांढरी टोपी, खांद्यावर रुमाल, निळा अॅप्रन, सगळे वापरलेले पण नीटनेटके. कष्टकरी स्त्रिया पूर्ण झग्याऐवजी ‘कॅराको’ नावाचे आखूड जाकीट आणि परकर घालत, आणि खेड्यात पायांत लाकडी जोडे असत. जुन्या कपड्यांचा व्यापार मोठा होता, शिवाय मालकिणीचे उतरलेले झगे दासीला मिळत, म्हणून दासीच्या अंगावर रेशीम दिसणे अशक्य नाही; फक्त त्याची ठेवण काही वर्षे जुनी हवी.

कपडे बनवणारेही एक नव्हते. १६७५ पासून स्त्रियांच्या झग्यांची शिवण शिंपिणींच्या स्वतंत्र संघटनेकडे होती, ताठ चोळ्या पुरुष शिंपी शिवत, आणि फिती, लेस, फुले लावून झग्याला नखरा देण्याचे काम ‘मार्शांद द मोद’ करत. राणीची रोझ बर्तँ ही या तिसऱ्या वर्गातली. तिला गुडघ्यावर बसून परकराची टीप मारताना दाखवू नये.

क्रांतीच्या दृश्यांत घाई फार होते. मे १७८९ मध्ये व्हर्सायला जमलेल्या सामान्य वर्गाच्या प्रतिनिधींना साधा काळा पोशाख नेमून दिला होता आणि सरदार सोनेरी कलाकुसर व पिसांची टोपी घालून आले होते. त्या विरोधातच पुरेसे नाट्य आहे. तिरंगी बिल्ला जुलै १७८९ चा, पण लाल टोप्या आणि लांब विजारींची गर्दी ही त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. क्रांतीचा नेता रोबेस्पिएर तर अखेरपर्यंत पावडर लावलेले केस आणि गुडघ्यापर्यंतची विजार, ‘क्युलोत’, सोडत नाही.

संदर्भ पाहताना छापील फॅशनचित्रांवर पूर्ण विसंबू नये. १७७८ पासून निघालेली ‘गालरी दे मोद’ ही मालिका मोहक आहे, पण ती विकायचे काय होते ते दाखवते, रोज अंगावर काय असे ते नव्हे. कापणीसाठी गार्सो याचे शिंपीकामावरील १७६९ चे पुस्तक आणि संग्रहालयांनी खुली केलेली, झग्याच्या आतल्या बाजूची छायाचित्रे अधिक कामाची.

पैसे कमी पडत असतील तर लेस यंत्राची घ्यावी, रेशमाऐवजी चांगल्या प्रतीचे सुती कापड घ्यावे, लांब आतल्या शिवणी शिलाईयंत्रावर माराव्यात. प्रेक्षकांपर्यंत यातले काही पोहोचत नाही. ताठ चोळी, घेराची गादी आणि किनारीची सरळ रेषा यांवर मात्र तडजोड करू नये. तालमी सुरू होतील त्या दिवसापासून नटीला चोळी आणि गादी घालायला द्यावी, कारण ती घातल्यावर बसणे, जिना चढणे आणि खाली पडलेली वस्तू उचलणे या सगळ्याची रीत बदलते, आणि ती सवय आयत्या वेळी लागत नाही.