विमानाच्या केबिन पॅनेलची आगीची चाचणी: नमुने कापण्याआधी

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत मशिनिंग करणाऱ्याला मायक्रॉनची सवय असते. केबिनच्या पॅनेलमध्ये माप तंतोतंत येऊनही माल नापास होतो, कारण इथे परीक्षा आगीची आहे.

पार्टिशनचं पॅनेल म्हणजे साधारणपणे नोमेक्सचं (आगीला दाद न देणाऱ्या अ‍ॅरामिड कागदाचं) हनीकोम्ब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा गाभा, आणि दोन्ही बाजूंना फिनॉलिक रेझिनचं काचतंतूचं प्रीप्रेग, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेलं कापड. प्रीप्रेगचा रोल उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधून काढला की पिशवी लगेच फोडू नका. पिशवीवर बाहेरून दव धरायचं थांबेपर्यंत ती बंदच राहू द्या. जुलै-ऑगस्टच्या नाशकात याला चांगलाच वेळ लागतो, आणि घाई नेमकी तिथेच होते. फिनॉलिक क्युअर होताना (उष्णतेने घट्ट होताना) स्वतःच पाणी सोडतं. त्यात दवाची भर पडली की वाफ होऊन वरचा थर हनीकोम्बपासून सुटतो. नाण्याने ठोकून पाहा, सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. हनीकोम्बही ओल धरतं, म्हणून लेअपच्या (थर रचण्याच्या) आधी ते ओव्हनमध्ये वाळवून घ्या. रोल फ्रीझरबाहेर किती तास होता हे दर वेळी जॉबकार्डवर लिहा.

आता नमुने. एफएआर २५.८५३ या अमेरिकी विमान-नियमानुसार अशा पॅनेलची ६० सेकंदांची उभी ज्वाला-चाचणी होते. किमान तीन तुकडे, ७५ बाय ३०५ मिलिमीटर. आधी २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवायचे. ज्वाला हटवल्यावर सरासरी १५ सेकंदांत विझायला हवं, जळालेली लांबी १५२ मिलिमीटरच्या आत आणि गळलेले थेंब ३ सेकंदांत विझलेले. २० किंवा अधिक प्रवाशांच्या विमानात मोठ्या पॅनेलना उष्णता-उत्सर्जन आणि धुराच्या चाचण्याही लागतात. उष्णतेची मर्यादा ६५/६५, म्हणजे उष्णतेचा कमाल दर ६५ किलोवॅट प्रति चौरस मीटर आणि पहिल्या दोन मिनिटांतली एकूण उष्णता ६५ किलोवॅट-मिनिट प्रति चौरस मीटर.

सर्वांत जास्त घोळ कडेवर होतो. ज्वाला लागते ती कड पॉटिंगने (पोकळी भरायच्या रेझिनने) भरलेली किंवा टेप लावलेली नको. पॅनेलचा खरा छेद उघडा दिसला पाहिजे. दुसरा घोळ सजावटीच्या फिल्मचा. पॅनेल नुसतं असताना पास होतं, फिल्म आणि तिचा गोंद चढला की नापास. म्हणून नमुन्यावर सगळे थर, त्याच बॅचच्या पद्धतीने आणि वापरात येणाऱ्या सर्वांत कमी जाडीत. लांबी मोजताना नुसती काजळी किंवा रंगबदल धरू नका. कोळसा झालेला, ठिसूळ झालेला भाग मात्र धरायचाच.

चाचणीचा आराखडा आधी मान्य करून घ्या आणि नमुना त्याच्याशी जुळतो हे पेटवण्यापूर्वीच तपासून नोंदवा. नंतर केलेली नोंद कुणी मानत नाही. पास झालेला कागद म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. डिझाइनची मंजुरी वेगळी, आणि डीजीसीएची (भारताच्या नागरी विमान नियामकाची) सीएआर-२१ या नियमाखालची उत्पादन-मंजुरी वेगळी. पुढे पुरवठादाराने गोंद बदलला, तर ‘तोच आहे, नाव बदललंय’ एवढ्यावर माल घेऊ नका. नवे तुकडे कापा.