झोंबीपट चार जणांना दाखवायचा असेल तर

महिन्यातल्या एका शनिवारी रात्री साडेआठला आमच्या हॉलमध्ये पडदा लागतो. पडदा म्हणजे इस्त्री केलेली पांढरी चादर, खिडकीच्या दांडीला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली. नऊ-दहा माणसं दाटीवाटीने मावतात. सासरे आरामखुर्चीत, कॉलेजातली पोरं सतरंजीवर, वरच्या मजल्यावरच्या वहिनी दाराजवळ. बघतो ते बहुतेक झोंबीपट, नाहीतर साथीच्या रोगाचे सिनेमे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं काम करते आहे, डोंबिवली ते परळ रोजची लोकल. जंतू माणसातून माणसात कसा जातो हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे आणि या सिनेमांवर माझं मनापासून प्रेम आहे. २०१९पासून, मधली दोन वर्षं सोडून, हा उद्योग चालू आहे. त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहिते, म्हणजे तुम्हाला घरी असं काही करायचं असेल तर उपयोग होईल.

सिनेमा मिळवणं सोपं आहे. अवघड असतं ते तो संपल्यावर लोकांकडून खरं मत काढणं. दिवा लागला की कुणीतरी म्हणतं, "भारी होता," दुसरं म्हणतं, "काहीतरीच," आणि सगळे चपला शोधायला लागतात. सुरुवातीला आमच्याकडेही असंच व्हायचं. एकदा शेजारचे काका उठता उठता मोठ्याने म्हणाले, "काही लॉजिकच नाही." दोन मिनिटांपूर्वी एकमेकांचे दंड घट्ट धरून बसलेली तिन्ही पोरं लगेच मान हलवायला लागली. जो आधी बोलतो त्याचं मत सगळ्यांचं होतं. म्हणून आता मी चिठ्ठ्या वाटते. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे चौकोन आणि पेन्सिली आधीच प्रत्येकाच्या हातात द्यायच्या. सिनेमा संपला की छोटा दिवा लावायचा, मोठा नाही. चहा नंतर. चिठ्ठी लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. पाच मिनिटं पुरतात.

चिठ्ठीवर दोनच गोष्टी. पहिली, श्वास अडकला तो एकच क्षण. "शेवट" किंवा "मारामारी" असं चालत नाही. कोण कुठे उभं होतं, हातात काय होतं, ते लिहायचं. दुसरी, दार. या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक सिनेमात एक दार असतं. बाहेर कुणीतरी ठोठावत असतं आणि आतल्यांना ठरवायचं असतं. तुम्ही आत असता तर उघडलं असतं का? हो किंवा नाही, आणि एका ओळीत का. सिनेमा चांगला की वाईट हे विचारायचंच नाही. दाराचं उत्तर लिहिताना माणूस सिनेमाबद्दलही बोलतो आणि स्वतःबद्दलही, आणि ते मत पुन्हा दुसऱ्याच्या मतामागे लपत नाही.

पहिल्यांदाच बघणारी मंडळी असतील तर सुरुवात 'ट्रेन टू बुसान'ने करा. (पाहिला नसेल तर पुढच्या परिच्छेदावर जा.) योन सांग-हो यांचा हा २०१६चा कोरियन सिनेमा. त्याआधी ते ॲनिमेशनपट करायचे. सोलहून बुसानला निघालेली वेगवान गाडी, एक बाप, त्याची लहान मुलगी, आणि गाडी सुटता सुटता डब्यात चढलेली, झोंबी चावलेली एक मुलगी. कोरियात त्याची एक कोटीहून जास्त तिकिटं खपली. लोकलने जाणाऱ्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही; डब्याचं दार, आतली गर्दी आणि "इथे जागा नाही" हे आपण रोज जगतो. यातले झोंबी दिसतं त्यावर झडप घालतात, म्हणून एक गरोदर बाई काचेच्या दारावर पाणी मारते आणि त्यावर वर्तमानपत्राचे कागद चिकटवते. बस, ते शांत होतात. पुढे काही जण नवव्या डब्यातून मार काढत, तेराव्या डब्याच्या टॉयलेटमध्ये अडकलेल्यांना सोडवत, पंधराव्या डब्याशी येतात आणि आतले प्रवासी दार धरून ठेवतात. पाठीमागून झोंबी, समोर जिवंत माणसं, मध्ये काच. नंतर त्याच डब्यात बसलेली एक म्हातारी काचेपलीकडे उभ्या असलेल्या आपल्या बहिणीकडे बघते. बहीण आता बहीण राहिलेली नसते. म्हातारी एकदा डब्यातल्या लोकांवरून नजर फिरवते, उठते आणि स्वतःच्या हाताने दार उघडते. आमच्याकडे आठपैकी सहा चिठ्ठ्यांवर श्वास अडकलेला क्षण म्हणून त्या म्हातारीचा हात होता, एकाही मारामारीचा नाही. दाराखाली एका पोरीने लिहिलं होतं, "मी उघडलं नसतं, आणि नंतर ते आयुष्यभर कुणाला सांगितलंही नसतं." त्या रात्री चहा दोनदा करावा लागला.

भाषेचं म्हणाल तर घरात वयस्कर माणसं असतील आणि हिंदी डब मिळत असेल तर तेच लावा. सबटायटल्स वाचता वाचता चेहऱ्यांवरची नजर सुटते आणि या सिनेमात सगळं चेहऱ्यांवर आहे.

दुसऱ्या महिन्यात मूळ पुरुष आणा: जॉर्ज रोमेरो यांचा १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या आसपास, सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये काळापांढरा काढलेला. वितरकांनी नाव बदललं, तेव्हा नव्या शीर्षकाच्या पट्टीवर कॉपीराइटची सूचना टाकायची राहून गेली आणि अमेरिकेत तो सगळ्यांचा झाला. म्हणून तो सहज सापडतो. पोरं "जुना आहे, झोप येईल" म्हणतील. त्यांना आधी सांगून ठेवा की यात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही, आणि जे रक्त दिसतं ते चॉकलेट सिरप आहे. भित्र्यांना हे दुसरं वाक्य फार उपयोगी पडतं. दार इथे दोन आहेत: घराचं आणि तळघराचं. घरात अडकलेल्यांपैकी बेन म्हणतो वर थांबून खिडक्या ठोकू या, हॅरी म्हणतो तळघरात उतरून कडी लावू या. बेन बाहेर अडकतो तेव्हा हॅरी त्याला दार उघडत नाही. चिठ्ठ्यांमध्ये हॅरीला शिव्या पडतात. मग मी शांतपणे विचारते, शेवटी बेन रात्र काढतो ती कुठे? त्याच तळघरात. इथून जो वाद पेटतो तो पेटू द्यावा, मध्ये पडू नये. बेनची भूमिका करणारे ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय होते, वर्ष १९६८ होतं आणि शेवटच्या पाच मिनिटांत बंदुका घेऊन येणारी माणसं कोण आहेत, हे पोरांनी स्वतः जोडलं तर बघा त्यांचे चेहरे. आधी सांगू नका.

डॅनी बॉयल यांचा '२८ डेज लेटर' (२००२) लावण्याआधी मात्र एक गोष्ट नक्की सांगा: प्रिंट खराब नाही. तो बराचसा कॅनन एक्सएल१ या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढलाय, म्हणून चित्र दाणेदार, उडालेलं दिसतं. लंडनचे रस्ते पहाटे थोडा थोडा वेळच थांबवता येत होते आणि असे छोटे कॅमेरे पटकन लावता यायचे. वेस्टमिन्स्टर पुलावर हॉस्पिटलच्या कपड्यांत एकटा चालणारा सिलियन मर्फी, आजूबाजूला कुणी नाही. इथे पंखासुद्धा बंद करा. आमच्याकडे मे महिन्यात केला, घाम गाळत बघितलं, पण ती शांतता पंख्याच्या घरघरीत ऐकू येत नाही. लहान मुलांना हा दाखवू नका. सैनिकांचा भाग त्यांच्यासाठी नाही.

इथे एक जुना वाद हमखास निघतो: हे झोंबी आहेतच का? यातली माणसं मेलेली नाहीत, त्यांना विषाणू झालाय, ती धावतात आणि उपाशी राहिली तर मरतात. मला विचाराल तर धावणाऱ्यापेक्षा रोमेरोचा रखडत येणारा जास्त भीतिदायक आहे, कारण तो तुम्हाला विचार करायला वेळ देतो. पण या वादाला पाच मिनिटांहून जास्त देऊ नका, चिठ्ठ्या तशाच राहतात.

या सिनेमाची माझ्याकडची सगळ्यात मोलाची चिठ्ठी सासऱ्यांची. ते पुण्याचे, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी सिनेमातल्या सैनिकांच्या बंगल्याच्या फाटकाबद्दल काहीच लिहिलं नाही. लिहिलं, "आजी सांगायची, प्लेगात गोरे सोल्जर बूट घालून माजघरात आले." १८९७चं पुणं. रँडच्या काळात प्लेगचे रोगी हुडकायला सैनिक घराघरात शिरत होते. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ती त्याच रागातून. साथीच्या सिनेमातला सैनिक बघताना त्यांना आजीचं माजघर दिसलं. एवढी वर्षं त्या घरात नांदतेय, ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

आता माझ्या हातून झालेली चूक. २०२२मध्ये मी 'कंटेजन' लावला, कुणालाही न विचारता. स्टीव्हन सोडरबर्ग यांचा २०११चा सिनेमा. मला तो लॅबवाली म्हणून फार जवळचा. काळ्या पडद्यावर आधी फक्त खोकला ऐकू येतो आणि मग अक्षरं येतात, दुसरा दिवस. पहिला दिवस अगदी शेवटी दाखवतात. कॅमेरा माणसांकडे कमी आणि त्यांनी हात लावलेल्या वस्तूंकडे जास्त बघतो: बारमधली शेंगदाण्यांची वाटी, क्रेडिट कार्ड, ग्लास. कोलंबिया विद्यापीठातले विषाणुतज्ज्ञ इयान लिपकिन सल्लागार होते, आणि सिनेमातला विषाणू निपाहच्या धर्तीवर बेतलाय. तोच निपाह, जो १९९८-९९मध्ये मलेशियात वटवाघळांतून डुकरांत आणि डुकरांतून माणसांत आला. मी हे सगळं उत्साहाने सांगत होते. केट विन्स्लेटची डॉक्टर स्वतः आजारी पडते, शेजारच्या खाटेवरचा माणूस थंडीने कुडकुडत असतो आणि ती मरता मरता आपला कोट त्याच्याकडे सरकवायचा प्रयत्न करते. त्या क्षणी वरच्या मजल्यावरच्या वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. नळ सोडून उभ्या होत्या. २०२१च्या एप्रिलमध्ये त्यांचे वडील गेले, दवाखान्यात, भेटूही दिलं नव्हतं. मला ते माहीत होतं. लॅबमधल्या माझ्या डोळ्यांना पडद्यावर फक्त ग्लोव्हज आणि स्वॅब दिसत होते.

तेव्हापासून साथीचा सिनेमा असेल तर मी चार दिवस आधी प्रत्येकाला वेगवेगळं भेटून सांगते, यात काय आहे ते. दवाखाना, मृतदेहांच्या पिशव्या, लहान मूल जाणं, सगळं स्पष्ट सांगते. ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही, तिथे कुणी नाही म्हणत नाही. आणि दाराजवळची जागा नेहमी मोकळी ठेवते. वहिनी पुढच्या महिन्यात आल्या, तेव्हा त्यांनीच ती जागा घेतली. 'कंटेजन'ची चिठ्ठी त्यांनी आठवड्याने आणून दिली. मॅट डेमनचा बाप मुलीच्या मित्राला अंगणातूनच परत पाठवतो, त्याबद्दल लिहिलं होतं, "बरोबर केलं. पण तो मुलगा पोरगी बघायला आला होता, चोरी करायला नाही."

निपाहचं नाव निघालंच आहे तर केरळात घडलेलंही बघा. २०१८मध्ये कोळिकोडला साथ आली, आणि २०१९मध्ये आशिक अबू यांनी त्यावर 'वायरस' हा मल्याळम सिनेमा काढला. पात्रं फार आहेत, पहिला अर्धा तास कोण कोण हे कळत नाही. कागदावर नावं लिहीत गेलात तर सोपं जातं. पण पहिल्या रोग्याला कुठून लागण झाली याचा माग काढणारी माणसं ज्या चिकाटीने प्रश्न विचारतात, ते माझ्या कामाच्या इतकं जवळचं दुसऱ्या कुठल्या सिनेमात मी पाहिलेलं नाही. याउलट १९९५चा 'आउटब्रेक': आफ्रिकेतून विषाणू घेऊन येतं ते माकड दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या जातीचं आहे. एकदा हे कळलं की पुढे मन लागत नाही. आधी सांगू नका, बघू द्या.

आणि आमच्या गावचा, आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' (२०२२). मराठीतला झोंबीपट, तोही डोंबिवलीत घडणारा, म्हणून त्या शनिवारी हॉलमध्ये चौदा माणसं होती. पहिली वीस मिनिटं "हे कुठलं रे?" यातच जातात, जाऊ द्यावीत. कथेचा कणा मात्र उंच इमारत आणि शेजारची वस्ती यांच्यातलं पाण्याचं अंतर हा आहे. त्या दिवशी आमच्या पोळ्यांच्या ताईही बसल्या होत्या. त्या आमच्या मागच्या वस्तीत राहतात. चिठ्ठी लिहायला त्या आधी नको म्हणाल्या, मग मी लिहून घेतलं, त्यांनी सांगितलं तसं: "दार उघडायचं का ते आम्हाला कोण विचारतंय? आम्ही नेहमी बाहेरचेच." दाराआतल्या माणसाला प्रश्न विचारायचा, बाहेरच्याला नाही, ही माझ्या पद्धतीतली उणीव त्यांनी एका वाक्यात दाखवली. आता चिठ्ठीला मागची बाजूही आहे: तुम्ही बाहेर असता तर काय म्हणून हाक मारली असती?

गोव्यातला 'गो गोवा गॉन' (२०१३) हसायला चांगला, पोरांच्या परीक्षा संपल्यावर लावा. त्या दिवशी चिठ्ठ्या नकोत.

येत्या शनिवारी 'वन कट ऑफ द डेड' आहे. शिनइचिरो उएदा यांचा २०१७चा जपानी सिनेमा, अगदी थोड्या पैशांत केलेला. पहिली ३७ मिनिटं एकच सलग शॉट आहे. ती विचित्र वाटतील, लोक मोबाईल काढतील, काका "लॉजिक" म्हणतील. कुणालाही उठू देऊ नका. पाणी आधी पिऊन घ्या, दाराला आतून कडी घाला, आणि फोन स्वयंपाकघरात ठेवून या.